भट्टीतला शेजार

लाकडाच्या भट्टीत सोडा टाकून भांडी भाजायची जी ग्रुप वर्कशॉप्स असतात तिथे नवीन आलेला माणूस आपलं भांडं हातात घेऊन पहिला प्रश्न ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या झिलईचा, विचारतो, याला कुठलं लावू? मुरलेली माणसं विचारतात ते जागेचं, हे कुठे जाणार आणि याच्या शेजारी काय येणार. कारण या भट्टीत भांड्याच्या बाहेरच्या अंगाला झिलई हाताने लावायचीच नसते. ती वाफेने येते, वाफ जाळाबरोबर येते, आणि जाळ कुठून जाईल हे ठरवतात भट्टीत मांडलेली भांडी. म्हणजे तुमच्या मगवर कुठला रंग चढणार, कुठे चमक येणार, कुठे माती कोरडी राहणार, यातलं निम्मंअधिक त्याच्या पुढे कोणाची बरणी उभी आहे त्यावर ठरतं. मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर हेच, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय, बाकीचं ओघात येईल.

आधी काय घडतं ते थोडं सांगते. मातीत सिलिका असते, वाळूत असते तीच. एकटी सिलिका वितळवायची तर १७०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं, तिथे आपली कुठलीच भट्टी जात नाही, पण सोडियम भेटला की तीच सिलिका कितीतरी आधी काच व्हायला तयार होते. सोडा ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट. भट्टी १२०० च्या पुढे गेली की हा सोडा आत टाकतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून जातो, सोडियमची वाफ जाळात मिसळून भट्टीभर फिरते आणि जिथे उघडी माती भेटेल तिथे तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना यांना धरून काचेचा पातळ थर करते. लाकडाचं काम वेगळं चालू असतं. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम, थोडं पोटॅशियम, शिवाय इतर बरंच काही असतं, ती जाळाबरोबर उडते, भांड्यांच्या खांद्यांवर आणि काठांवर बसते आणि १२५० च्या आसपास मातीशी एकजीव होऊन वितळायला, मग ओघळायला लागते. राख वरून पडते, समोरून आदळते. वाफ वळते, कडेने जाते, फटीतून पलीकडे निघते. त्यामुळे एकाच भांड्यावर दोन वेगवेगळ्या हालचाली उमटतात आणि सरावाने त्या वेगळ्या ओळखू येतात, हा भाग फार सुंदर आहे.

सोड्याच्या आधी मीठ होतं. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात साधारण पंधराव्या शतकापासून कुंभार तापलेल्या भट्टीत साधं मीठ टाकून झिलई आणायचे, इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट यांनी १६७२ मध्ये स्टोनवेअरचं, म्हणजे जास्त उष्णतेला भाजलेल्या टणक भांड्यांचं, पेटंट घेतलं आणि तिथेही मिठाची झिलई रुजली, पुढे तर जमिनीखालचे सांडपाण्याचे पाइपसुद्धा याच पद्धतीने चमकवले गेले. मिठाच्या झिलईचा पोत संत्र्याच्या सालीसारखा, बारीक बारीक खळग्यांचा. पण मीठ टाकलं की क्लोरीन मोकळा होतो आणि पाण्याच्या वाफेबरोबर हायड्रोक्लोरिक ॲसिड होऊन धुराड्यातून बाहेर पडतो, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत काही कुंभारांनी सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट वापरून बघायला सुरुवात केली. हेतू एवढाच होता की मिठासारखंच दिसणारं पण कमी त्रासाचं काहीतरी हवं. झालं वेगळंच. सोडा मिठाइतका सहज भट्टीभर पसरत नाही. तो जिकडून आला तिकडच्या अंगाला जास्त बसतो आणि आडोशाला कमी. मिठाच्या नजरेने बघितलं तर हा दोषच, आणि सुरुवातीला लोकांनी तो दोष म्हणूनच बघितला, पण याच दोषामुळे सोड्याच्या भांड्याला पुढची बाजू आणि मागची बाजू मिळाली, आणि शेजाऱ्याची सावली मिळाली.

सावली हा शब्द भट्टीवर सगळेच वापरतात. पुढच्या भांड्याने अडवलेली वाफ मागच्या भांड्यावर पोचत नाही आणि तिथे त्या पुढच्या भांड्याच्या आकाराचा कोरडा, फिकट डाग राहतो, त्याच्या कडेला नारिंगी नाहीतर तांबडी किनार. जपानमध्ये बिझेनच्या कुंभारांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती, तिथे सोडा नाही, नुसती माती आणि लाकूड, पण ताटलीवर लहान भांडी ठेवून भाजायची आणि त्यांच्या बुडाचे गोल डाग ताटलीवर राहू द्यायचे, याला तिथे बोतामोची म्हणतात. आणि भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळायचे, त्या पेंढ्यातल्या पोटॅशियममुळे मातीवर लालभडक रेघा उठल्या, त्याचं नाव हिदासुकी. दोन्हीचं मूळ एकच, भट्टीत जागा कमी आणि भांडी जास्त. दाटीवाटीतून आलेलं सौंदर्य आहे ते, आणि मला वाटतं म्हणूनच ते ग्रुपच्या भट्टीत इतकं आपलं वाटतं.

भट्टी लावायच्या आधी वॅडिंगचं काम असतं. ॲल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (पांढरी चिनी माती) निम्मं निम्मं घेऊन पाण्यात मळायचं, त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला तीन-तीन चिकटवायच्या. हे नाही केलं तर सोडा भांड्याला आणि शेल्फला एकत्र काच करून टाकतो. ॲल्युमिनाला सोडा सहजासहजी वितळवू शकत नाही म्हणून त्या गोळ्या सुट्या राहतात. काम अगदी साधं, पण सगळे गोलात बसून हेच करत असतात आणि त्या दरम्यान प्रत्येकाचं प्रत्येक भांडं प्रत्येकाच्या हातातून जातं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याचं भांडं उलटं करून त्याचं बूड बघितलं की तो माणूस किती सावकाश काम करतो ते कळतं, कडा बोटाने मऊ केलीय का, वजन कुठे आहे, सही कुठे. भट्टीत कोण कोणाच्या शेजारी शोभेल याचे अंदाज तिथेच बांधले जातात, नकळत. काही जण गोळीऐवजी शिंपला वापरतात, शिंपल्यात वॅडिंग भरून त्यावर भांडं आडवं टेकवायचं, शिंपल्यातलं कॅल्शियम मातीवर त्याच्या रेघांचा ठसा सोडतं. (भाजून झाल्यावर त्या शिंपल्याचा चुना झालेला असतो, पाण्यात घातला की फुगून भुगा होतो, आणि त्याला हाताने घासायचं नसतं, हातमोजे घाला.)

आतल्या बाजूचं तेवढं हाताने करायचं असतं. चहाचा मग, बरणी, बाटली, असलं खोल भांडं असेल तर वाफ आत नीट पोचत नाही, म्हणून आतून आधीच ग्लेझ ओतून घ्यायचं. बाहेरून कोणी मातीच तशी ठेवतं, कोणी स्लिप लावतं, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेली माती, जास्त केओलिन असलेली, जिच्यावर सोड्याची अगदी हलकी झुळूक गेली तरी नारिंगी-पिवळे पट्टे उठतात. आणि इथे एक गमतीदार उलट हिशोब आहे, की जिथे सोडा भरपूर बसतो तिथे ही स्लिप बऱ्याचदा राखाडी नाहीतर हिरवट चकचकीत होते आणि जिथे जेमतेम पोचतो तिथे ती पेटून उठते. म्हणजे सगळ्यात चांगली जागा जाळाच्या तोंडाशीच असते असं नाही. मागच्या कोपऱ्यातली, कोणाच्या तरी पाठीमागची, जिथे नवीन माणसाला वाटतं की आपल्याला मागे टाकलं, ती जागा अशा स्लिपसाठी सोन्याची असते.

लावायचा दिवस मला प्रत्यक्ष जाळायच्या दिवसापेक्षाही जास्त आवडतो. सिलिकॉन कार्बाइडच्या जड शेल्फा, त्यांच्यावर पांढरा किल्न वॉश, म्हणजे काच चिकटू नये म्हणून दिलेला लेप, कोपऱ्यांना विटेचे खांब, एक जण आत ओणवा बसून लावतो आणि बाकीचे बाहेरून भांडी पुढे करतात. आमच्या भट्टीला लावायचं काम ताई करायच्या, वर्कशॉप त्यांचंच, आणि त्या आत बसल्या की बाहेरचा गोंधळ आपोआप कमी व्हायचा. भांडं हातात घेऊन त्या आधी फायरबॉक्सकडे, म्हणजे लाकडं जळतात त्या कप्प्याकडे, बघायच्या, मग धुराड्याच्या भोकाकडे, मग भांड्याकडे. जाळ इथून उठणार, कमानीला लागून पुढे जाणार, तिथून खाली ओढला जाणार आणि मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर पडणार, हा रस्ता त्यांच्या डोक्यात कायम चालू असायचा. कोणी फार खेटून भांडी दिली की म्हणायच्या, "वाट ठेवा रे. वाट नसेल तर तो वरच्या वर निघून जातो, मग वरचं भाजतं आणि खालचं कच्चं राहतं." आणि फार मोकळं ठेवलं तरी त्यांना चालायचं नाही, कारण मोकळ्या भट्टीत जाळ कुठे थांबत नाही, कशाला वळसा घालत नाही, आणि मग भांड्यांवर काही घडत नाही.

एकदा माझी एक पसरट वाटी होती, आतून बाहेरून स्लिप लावलेली, आणि तिच्या पुढे आली आमच्यातल्या एका काकांची मोठी बरणी, दोन कानांची. मी म्हटलं, काका, बरणी जराशी फिरवूया का, तिचा कान माझ्या वाटीच्या वाटेत येतोय. काका म्हणाले, "येऊ दे की गं. सगळीकडून सारखी भाजलेली वाटी तुला कुठेही मिळेल." ताईंनी आतून दोघांचं ऐकलं, बरणी काढली, तिला बोटभर फिरवून परत ठेवली, कान आता वाटीच्या बरोब्बर समोर, आणि मधली फट आधीपेक्षा कमी. "आता बघू," एवढंच म्हणाल्या. पुढचं शेल्फ मागितलं.

या जागांवरून रुसवे होतात, नाही असं नाही. सगळ्यांना फायरबॉक्ससमोरची जागा हवी असते कारण तिथे राख जास्त पडते आणि राख ओघळलेली भांडी फोटोत छान दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की ग्रुपच्या भट्टीत पुढची जागा नावावर वाटू नये, भांड्यावर वाटावी. जाड मातीचं, रुंद खांद्याचं, राख पेलू शकेल असं जे असेल ते पुढे, मग ते पहिल्यांदा आलेल्या पोराचं का असेना. पातळ पोर्सेलिनची नाजूक वाटी तिथे ठेवली तर पडत्या लाकडाने फुटेल नाहीतर निखाऱ्यात बुडून जाईल, आणि त्यात कोणाचाच मान राहत नाही. ताई स्वतःची भांडी बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, उरलेल्या फटींमध्ये लावायच्या. त्याचा गाजावाजा कधी केला नाही पण आम्ही बघत होतो.

मग दार विटांनी चिणायचं, फटी मातीने लिंपायच्या, झरोक्यांसमोर कोन दिसतायत ना ते टॉर्च मारून बघायचं. कोन म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके. हेर्मान सेगर यांनी जर्मनीत १८८६ मध्ये ते आणले, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून बनवायला सुरुवात केली आणि आज आपण नंबराने ओळखतो ते त्यांचे. पायरोमीटरचा आकडा फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. कोन वाकतो तो तापमान आणि वेळ या दोन्हींचा मिळून झालेला परिणाम दाखवतो, भांड्यांनी काय सोसलं ते. त्यामुळे आकडा काहीही म्हणो, शेवटचा शब्द कोनाचा.

सुरुवातीचा जाळ अगदी लहान ठेवायचा. भांडी कोरडी दिसली तरी मातीत ओल असते, ती सावकाश जाऊ द्यायची, मग ५७३ अंशांना क्वार्ट्झचे स्फटिक एकदम फुगतात, तिथेही घाई करायची नाही. हे तास मोठे कंटाळवाणे असतात आणि तरी मी रात्रीची पाळी मागून घेते. दोघं दोघं पाळीवर असतात, एक लाकूड देणारा, एक वहीत आकडे लिहिणारा, आणि ज्यांच्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलणं होत नाही त्यांच्याशी पहाटे तीन वाजता विस्तवासमोर बसून घरच्या गोष्टी निघतात. साधारण ९०० च्या आसपास धुराड्याचा डॅम्पर, म्हणजे सरकती झडप, थोडा आत ढकलून हवा कमी करतात, जाळाला ऑक्सिजन पुरत नाही, मग तो मातीतल्या लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मातीचा रंग आतून बदलायला लागतो. धूर काळा होतो, झरोक्यातून जिभा बाहेर येतात. लाकूड जाळणं हे काही निरुपद्रवी काम नाही, धूर होतो आणि सरपण ढिगाने लागतं, म्हणून सुकलेलं, टाकाऊ, कापून उरलेलं लाकूड वापरावं आणि भट्टी अर्धी रिकामी असताना कधीच पेटवू नये या मताची मी आहे. ग्रुपने मिळून एक भट्टी भरण्याचं हेही एक कारण, आणि लहान कारण नाही.

पुढचे तास मात्र कान, डोळे, नाक सगळं उघडं ठेवायचं. लाकूड आत गेलं की पायरोमीटरचा आकडा आधी खाली येतो. नवीन माणूस घाबरतो आणि अजून लाकूड टाकतो. थांबायचं. झरोक्यातली जीभ आधी लांब होते, मग आखडते, मग आत जाते, धुराड्याचा धूर विरळ होतो, आणि त्याच वेळी आकडा चढायला लागतो, चढून चढून थबकला की पुढची खेप. जसजशी भट्टी तापते तसतशी लाकडं बारीक चिरलेली लागतात, जाड ओंडका आता निखाऱ्यातच पडून राहतो. आणि निखारे फार साठले तर खालून येणारी हवाच कोंडते, आकडा एका जागी अडकून बसतो, तासन् तास. आमच्या भट्टीचा फायरबॉक्स एमिल बूरी या फ्रेंच इंजिनिअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा होता, यात लाकडं अधांतरी टेकलेली असतात, हवा वरून येते आणि जाळ खाली वळून मग भट्टीत शिरतो, निखारे आपोआप खाली गळतात. तरीसुद्धा आकडा अडकायचा. अडकला की एक सळई घेऊन निखारे हलवायचे, खालची हवेची भोकं मोकळी करायची, आणि लाकूड कमी करायचं. जास्त तापवायला कमी घालायचं, हे पटायला हाताला वेळ लागतो, आणि शेजारी बसलेला पाळीचा जोडीदार तेव्हा उपयोगी पडतो, कारण दोघांपैकी एकाचा तरी हात थांबतो.

आणि मग सोडा. खालचा आणि वरचा कोन वाकायला लागला, आत सगळं पिवळं-पांढरं दिसायला लागलं, गडद काचेचा चष्मा लावल्याशिवाय बघवत नाही, अशा वेळी सोड्याची तयारी होते. सोडा टाकायच्या दोन-तीन पद्धती आहेत. गरम पाण्यात विरघळवून पंपाने झरोक्यातून फवारायचा, म्हणजे तो एकदम बारीक थेंबांनी जाळात शिरतो. किंवा ओला करून लाकडाच्या भुशात कालवायचा, वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधायच्या आणि फळीवरून फायरबॉक्समध्ये सोडायच्या. ऑस्ट्रेलियातल्या गेल निकोल्स यांनी सोडा ॲश आणि बायकार्बोनेटमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची पूड घालून पाण्याबरोबर घट्ट होणारं मिश्रण वापरलं, त्याचे तुकडे भट्टीत टाकतात. आमच्याकडे पुड्या असायच्या. सोडा पाण्यात पडला की पाणी आणखी गरम होतं, आणि पावडरवर पाणी ओतलं तर दगड होतो, म्हणून आधी पाणी, मग थोडी थोडी पावडर, आणि डोळ्याला चष्मा, हाताला मोजे, नाकाला मास्क, याला अपवाद नाही. मिठापेक्षा सौम्य म्हणून सोड्याला लोक फार हलक्यात घेतात ते मला आवडत नाही. तो चांगलाच क्षारीय असतो, कातडी सोलवटते आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

पुडी आत गेली की तडतड आवाज येतो. डॅम्पर थोडा आत, म्हणजे वाफ लगेच धुराड्यात पळून न जाता भांड्यांमध्ये रेंगाळते. मग थांबायचं, मग लाकूड, मग पुन्हा पुडी. एकदम सगळा सोडा टाकला तर भट्टी थंड पडते आणि सोडा पुढच्याच भांड्यांवर जाड साचतो, मागच्यांना काही मिळत नाही. झालं की नाही हे बघायला रिंगा असतात. मातीच्या छोट्या कड्या, झरोक्याच्या अगदी आत मांडून ठेवलेल्या, भांड्यांच्याच मातीच्या. लोखंडी सळई आत घालून एक कडी उचलून बाहेर काढायची. ती बाहेर येते तेव्हा आतून उजळलेली असते, सळईच्या टोकाला नारिंगी, मग लाल, मग एका कडेने काळसर व्हायला लागते आणि त्याच वेळी बारीक टिंग टिंग करत तिच्यावरची काच तडकत असते. निवली की सगळे जण ती हातोहात फिरवतात. नख फिरवून बघतात, उजेडाकडे तिरकी धरतात. जाळाकडच्या बाजूला ओलसर चमक, मागच्या बाजूला अजून कोरडी. "अजून दोन पुड्या." "नको, डाव्या बाजूने फक्त." त्या एवढ्याशा कडीवरून आत न दिसणाऱ्या शंभर भांड्यांबद्दल बोलणं चालतं आणि ज्याची सगळी भांडी डाव्या बाजूला आहेत तो उजव्या बाजूसाठीही तितक्याच तळमळीने बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

लोक म्हणतात की या भट्टीत सगळं नशिबावर असतं, उघडली की सरप्राइज. मला हे पटत नाही. आत जे घडतं त्याला कारणं आहेत, मांडणीत, लाकडात, हवेत, डॅम्परच्या प्रत्येक इंचात. फक्त ती सगळी कारणं एका माणसाच्या हातात नसतात. कोणी तरी बारीक लाकडं चिरली म्हणून तापमान चढलं, कोणी तरी पहाटे निखारे सारले, कोणी तरी पुढे बरणी ठेवली. आणि काही कारणं तर आजच्या माणसांची पण नसतात. सोडा भट्टीच्या विटांनाही काच चढवतो, प्रत्येक वेळी थोडी थोडी, आणि पुढच्या भाजणीत तिच्यातलाच काही सोडियम परत उडून भांड्यांवर बसतो. म्हणून जुन्या, मुरलेल्या भट्टीला नवीपेक्षा कमी सोडा पुरतो. कमानीवरून कधी एखादा हिरवट काचेचा थेंब खाली पडतो आणि कोणाच्या तरी ताटलीत कायमचा बसतो, तो थेंब आपल्या आधी येऊन गेलेल्या कुठल्या कुठल्या लोकांच्या सोड्याचा आणि राखेचा असतो. मला तो थेंब काढून टाकावासा कधी वाटलेला नाही.

शेवटचा कोन वाकला की सगळी भोकं बंद, डॅम्पर बंद, आणि काही दिवस हात लावायचा नाही. घाईने दार उघडून भांडी तडकवलेल्या ग्रुप्सच्या गोष्टी प्रत्येक कुंभाराकडे असतात, त्यांची उजळणी करत हे दिवस जातात.

उघडताना दारातल्या विटा एकेक करून काढतात आणि आतून ऊब येते. वरच्या पहिल्या विटेच्या फटीतून जे काही दिसेल त्यावर सगळे तुटून पडतात. माझी वाटी बाहेर आली तेव्हा मी आधी ओळखलीच नाही. बाहेरून एका अंगाला दाट, करड्या-हिरव्या झिलईचा पट्टा, राखेचे दोन ओघळ काठावरून आत उतरलेले, आणि आतल्या भिंतीवर, जाळाच्या समोरच्या बाजूला, काकांच्या बरणीचा कान. अगदी कान. वळणासकट, जिथे तो बरणीला जोडला होता तिथली जाडीसुद्धा कळत होती. आत फिकट, जवळजवळ पांढरा, कोरडा, हाताला लागणारा, आणि त्याच्याभोवती एका बाजूने तांबडी किनार, वरच्या बाजूला जाड आणि खाली येता येता पुसट होत गेलेली, कारण वाफ कानाच्या आतल्या पोकळीतूनही थोडी गेली होती आणि तिथे एक नारिंगी ठिपका सोडून गेली होती. मी बोट फिरवलं तर चमक कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते डोळे मिटून सांगता आलं असतं. काका बरणी घेऊन आले, आम्ही दोन्ही परत समोरासमोर ठेवून बघितली, बोटभर अंतरावर, ताईंनी ठेवली होती तशी, आणि ठिपका बरोब्बर पोकळीच्या समोर. बरणीच्या मागच्या अंगालाही माझ्या वाटीच्या काठाची एक फिकट आडवी रेघ होती. ती मी दाखवेपर्यंत काकांच्या लक्षात आली नव्हती, मग त्यांनी बरणी खिडकीकडे नेली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत उभे राहिले.

ही वाटी मी केली असं म्हणताना तेव्हापासून मी थोडी थांबते. माती मी मळली, चाकावर मी काढली, स्लिप मी लावली. पण तिच्यात सगळ्यात जास्त बघण्यासारखं जे आहे ते काकांच्या कानाने केलं, आणि तो कान तिथे ठेवणारा हात ताईंचा. सही माझी आहे, ती खोटी नाही, पण अपुरी आहे. काही ग्रुप्स भांड्यांच्या बुडाशी वैयक्तिक सहीबरोबर भट्टीचाही शिक्का मारतात, ते मला फार योग्य वाटतं, आणि आम्हीही तसं करावं म्हणून मी मागे लागलेय.

उघडल्यानंतरचं काम कोणाच्या फोटोत येत नाही. वॅडिंगच्या गोळ्या फोडून काढायच्या, बुडं घासायची, शेल्फांवरची काच छिन्नीने नाहीतर ग्राइंडरने उतरवायची, चांगला मास्क लावून, कारण ती धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही, मग परत किल्न वॉश. अर्धी माणसं आपापली भांडी गुंडाळून तोवर निघालेली असतात आणि जी थांबतात त्यांच्यावरच पुढची भट्टी उभी राहते. माझं म्हणणं असं की शेल्फ घासल्याशिवाय भांडी गुंडाळू नयेत, आणि हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावा, म्हणजे शेवटी कोणाला वाईट वाटत नाही.

शेल्फ घासून झाल्या की वही पुरी करायची असते. आकडे, लाकडाच्या खेपा, पुड्या किती आणि कुठल्या बाजूने, हे सगळे लिहितात. आम्ही आता मांडणीचा नकाशाही काढून ठेवतो, कुठल्या शेल्फवर कोणाचं काय, आणि त्याच्या पुढे-मागे कोण. त्या नकाशावर बोट ठेवून भांडी परत लावून बघितली की जाळ कुठून कसा गेला ते सगळं उलगडत जातं, आणि पुढच्या वेळचे बेत तिथेच ठरायला लागतात. मी यावेळी मुद्दाम लहान, रुंद तोंडाच्या वाट्या करतेय, आणि कान असलेल्या बरण्या कोण कोण करतंय याची चौकशी आतापासूनच सुरू केलीय. काकांनी दोन लावून ठेवल्यात म्हणे चाकावर, कान अजून जोडायचेत. मी त्यांना सांगितलंय की जरा मोठे जोडा.